चंडोलाचा चौदावा बोल

दोन वर्षं आमच्या घरात कोणी शिंकलं नाही! शिंक आलीच तर उशी उचलायची, तोंडावर दाबायची आणि काय ते उशीतच उरकायचं. दाराच्या बिजागऱ्यांना मी दर आठवड्याला शेंगदाण्याचं तेल पाजत होतो. किटलीची शिट्टी काढून टाकली. कढईत लोखंडी उलथनं बंद, लाकडी सुरू. टीव्हीवरची एक अख्खी मालिका आम्ही नवराबायकोने आवाज बंद ठेवून पाहिली, आणि तिच्यातला खलनायक कोण यावर आमचं अजून एकमत नाही. तियानजिन शहरात असं घर चालवणं म्हणजे मासळीबाजारात मांजराकडून उपास करवून घेणं. इथला माणूस धिरड्याच्या गाडीसमोर स्वतःची अंडी घेऊन रांगेत उभा राहतो, आणि धिरडं हातात पडेपर्यंत पुढच्या माणसाच्या सुनेचं माहेर त्याला पाठ झालेलं असतं. पण मी ते करून दाखवलं. जन्मभर बंदरावर पोती वाहिली, अक्षरं साठीनंतर गिरवली, पण शिस्त म्हणजे काय हे या याओ देशुनला कोणी शिकवायला नको!

आता हे सगळं कशासाठी, तर एका चंडोलासाठी.

चंडोल म्हणजे मूठभर मातकट पाखरू. रंग नाही, तुरा नाही. पण कानावर पडलेलं सगळं ते गळ्यात साठवतं. मुरलेल्या माणसाचा चंडोल तेरा बोल बोलतो, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. आधी चिमण्यांचा कलकलाट, मग अंडं घातल्याची दवंडी पिटणारी कोंबडी, मग मांजर, मग पाकोळी, मग कुत्र्याचं पिलू, असं करत करत शेवटी घारीची शीळ. मधे पाणक्याच्या हातगाडीचं कुरकुरणारं चाकसुद्धा येतं. ती गाडी शहरातून कधीच गेली, पण चंडोल तिचं चाक एकमेकांना शिकवत आजवर घेऊन आले आहेत. 

एखादा बोल कच्चा असला तर चालवून घेतात. पण तेरा बोलांच्या बाहेरचा भलता आवाज आला, सायकलची घंटा म्हणा, माणसाचा खोकला म्हणा, की पाखरू बाटलं! बाटलेल्याचं ऐकून बाकीची पाखरं बाटतात, म्हणून अशा पाखराला चहाघराचा उंबरठा बंद. त्याच्या मालकाने एकतर पाखरू सोडायचं, नाहीतर चहाघर.

आमचं चहाघर नदीच्या काठाला. सकाळी आम्ही म्हातारे निळ्या कापडात गुंडाळलेले पिंजरे झुलवत तिथे जातो, पिंजरे हुकांना टांगतो, मोगऱ्याचा चहा घेतो आणि एकमेकांची उणीदुणी काढतो. बायका म्हणतात, तुम्ही पाखरं ऐकायला जाता. पाखरांना कोण विचारतो? माझे जिवाभावाचे सगळे तिथे बसतात. मला त्या बाकावरून उठवलं तर सकाळी उठून जायचं कुठे, एवढाच माझा प्रश्न.

तर या चहाघरात खिडकीसमोर एक मधला हूक आहे. निर्मळ तेरा बोल बोलणाऱ्या पाखरालाच तो मिळतो. जुना मानकरी मेल्यापासून तो रिकामा होता. निर्णय चहाघरातल्या सगळ्यात जाणत्या पाखरूवाल्याचा, दोंग मास्तरांचा. मास्तर ऐंशीच्या पुढचे, चेहरा वाळलेल्या खजुरासारखा, आणि त्यांना हसताना पाहिलेला माणूस अजून जन्मायचा आहे. माझ्या चंडोलाची परीक्षा वसंतात ठरली होती. मधल्या हुकावर डोळा ठेवून असलेला दुसरा माणूस म्हणजे मेंग. हा निवृत्त न्हावी. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून चाळीस वर्षं बोलत राहिलेला, त्यामुळे उलट उत्तर ऐकायची सवयच नाही.

आणि परीक्षेला महिना उरला असताना माझी मुलगी चिंग एका चित्रकार बाईला घेऊन दारात उभी!

चिंग संस्कृती भवनात नोकरीला आहे. ही बाई पोर्तुगालहून त्यांची पाहुणी म्हणून आली होती. आमचं शहर पाहायचं, चित्रं काढायची आणि महिन्याच्या शेवटी त्यांचं प्रदर्शन मांडायचं, असा बेत. नाव इनेश. वय चाळिशीचं, हात लांब, पाय त्याहून लांब, आणि चिनी भाषा शाळेतल्या पुस्तकासारखी स्वच्छ. तिला म्हणे हॉटेल नको होतं, खरं घर हवं होतं. मी मुंडी हलवून नाही म्हटलं. आमच्या हिने, म्हणजे रुईयुनने, माझ्याकडे न पाहता बाईच्या हातातली पिशवी घेतली. विषय संपला. आमच्या घरातल्या सगळ्या चर्चा तेव्हा अशाच व्हायच्या.

पहिल्याच जेवणाला बाईने चमचा बशीत ठेवला. टण्! आम्ही दोघं विंचू चावल्यासारखे उडालो. रुईयुनने बशीखाली रुमाल सरकवला. बाई घाबरली. इकडेतिकडे पाहून कुजबुजत तिने विचारलं, की घरात कोणी आजारी आहे का? दुखवटा आहे का?

इथे खरं सांगायला हवं होतं. पण परीक्षेआधी पाखराचा बोभाटा केला की दृष्ट लागते. शिवाय बाई दिवसभर गावात फिरणार, म्हणजे मेंगच्या तावडीत सापडणार. म्हणून मी छाती पुढे काढली आणि देशाच्या पाच हजार वर्षांच्या परंपरेचा मुखत्यार असल्यासारखा म्हणालो, "आमच्याकडे असंच असतं."

बाईचे डोळे चमकले. तिने लगेच जेवण सोडून काहीतरी रेखाटायला घेतलं.

पाहुणी मात्र गुणाची निघाली. दुसऱ्या दिवसापासून ती घरात अशी वावरायला लागली की मांजराने तिच्याकडून धडे घ्यावेत. लोकरीचे मोजे घालून चालायची. मधेच एकदा तिला शिंक आली तर आपणहून उशी मागितली! आमच्या खाणाखुणा तिने आठवड्यात उचलल्या. नाक चिमटीत धरलं की व्हिनेगर, जीभ दाबली की मीठ, कानामागे बोट नेलं की चहा. रुईयुनला मी काही विचारलं की ती तळहात कपाळावर मारून घ्यायची. त्याचा अर्थ मलाही माहीत होता. बाईने तीही खूण टिपून घेतली.

बाहेर मात्र तिला शहर दिसेल ते नवल. सकाळी उद्यानात उलटं चालणारी माणसं, झाडाच्या बुंध्यावर पाठ आपटणारी माणसं, पुलावरून नदीत उड्या मारणारे माझ्या वयाचे म्हातारे, सगळ्यांच्या पुढ्यात बसकण मारून ती चित्रं काढायची. आमच्याकडे बाई सात वर्षांची असो की सत्तर, तिला ताईच म्हणायचं, काकू म्हटलं की भांडण. त्यामुळे मेंगसारखा बहात्तर वर्षांचा घोडा तिला "ताई, जरा सरका" म्हणाला तेव्हा ती गोंधळली, आणि घरी येऊन मला कुजबुजत म्हणाली, की या शहरातले सगळे म्हातारे स्वतःला माझे धाकटे भाऊ का समजतात? मी नेहमीचं उत्तर दिलं. ते तिला फार आवडायचं.

एवढं मात्र खरं, की महिनाभरात ती एकदाही हसली नाही. ओठ मिटून, मान तुकवून, अगदी देवळात आल्यासारखी. मी रुईयुनला खुणेने म्हणालो, परदेशी असूनही केवढी पोक्त! रुईयुनने कपाळावर हात मारला.

परीक्षेचा दिवस आला. आदल्या दिवशी चंडोलाला राळ्यात अंड्याचा बलक कालवून घातला होता. इनेश तिच्या प्रदर्शनाच्या तयारीला पहाटेच गेली होती. मी नवा सदरा घालून, पिंजरा झुलवत, वाटेत कोणाशी न बोलता चहाघरात पोचलो. सगळे हजर. दोंग मास्तर मधे. मेंगने माझ्यासाठी खुर्ची पुसली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

कापड काढलं. पाखरू पिंजऱ्याच्या मधोमध असलेल्या छोट्या ओट्यावर चढलं, पंख झाडले आणि सुरू झालं. चिमण्या! चाळीसेक चिमण्या पिंजऱ्यात कोंबल्यासारख्या. मग कोंबडी, अशी हुबेहूब की चहावाला अंडं शोधायला खाली वाकला. मांजर. पाकोळी. पिलू. पाणक्याच्या गाडीचं चाक आलं तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या लहानपणी ती गाडी त्यांच्या गल्लीत यायची. एकेक बोल साखळीच्या कडीसारखा पुढच्यात अडकत गेला, आणि शेवटी घारीची शीळ अशी लांब, अशी उंच, की दोघातिघांनी छताकडे पाहिलं. तेरा! निर्मळ! मेंगचा चेहरा शिळ्या धिरड्यासारखा पडला. मी मधल्या हुकाकडे पाहिलं. तो मला चक्क जवळ आल्यासारखा वाटला.

मास्तरांनी तोंड उघडलं. ते काही बोलणार, एवढ्यात माझा चंडोल हसला.

हसला म्हणजे कसा? आधी किटली उकळायला लागल्यासारखी बारीक शिटी. मग कोणीतरी लाकडी जिन्यावरून रिकामे डबे सोडून द्यावेत तसा गडगडाट. मग डुकराचं एकच घुरकणं. आणि सगळ्यात शेवटी "अय्यय्यय्या..." असा थकलेला, समाधानाचा सुस्कारा. एका धडधाकट बाईचं अख्खं हसू, घुरकण्यासकट!

पुढच्या क्षणी जे झालं ते बंदरात आग लागली तेव्हाही मी पाहिलं नव्हतं. सगळे म्हातारे एकदम उठले आणि आपापल्या पिंजऱ्यांवर झेपावले. ज्यांना कापड सापडलं त्यांनी कापड टाकलं, बाकीच्यांनी कोट काढून टाकले. एकाने तर पाखरू वाचवण्यासाठी सदरा काढला आणि गंजिफ्रॉकवर नदीकाठाने पळत सुटला. गुडघे दुखतात म्हणून रोज दोन माणसांचा आधार घेऊन येणारा माणूस! मेंग मात्र जागचा हलला नाही. हसून हसून त्याला कापड सापडत नव्हतं.

दोंग मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "याओ, इतका सुंदर चंडोल मी वीस वर्षांत ऐकला नव्हता," ते म्हणाले. "आता याला घेऊन जा. येशील तेव्हा याच्याशिवाय ये."

घरी आलो आणि पिंजरा स्वयंपाकघरामागच्या बंद बाल्कनीत टांगला. दोन वर्षं तो तिथेच असायचा, घरातली सगळ्यात शांत जागा म्हणून. रुईयुनला सगळं सांगितलं, मोठ्याने. आता कुजबुजायचं कोणासाठी? तिने कापड उचललं. पाखराने तिच्याकडे पाहिलं आणि डबे सोडले जिन्यावरून. रुईयुन आधी ओठ दाबून उभी राहिली. मग ओट्याला धरून हसली. मग खाली बसून हसली. मी म्हणालो, की माझी अब्रू गेली आणि तुला हसू येतंय?

ती डोळे पुसत म्हणाली, "अहो, दोन वर्षं मी या घरात भांडले नाही. किती साठलंय याची कल्पना आहे का तुम्हाला?"

आणि तिने सुरुवात केली. गेल्या वर्षीच्या सणाला मी तिच्या भावाला काय म्हणालो होतो इथपासून. बिजागऱ्यांत गेलेलं तेल. मालिकेचा खलनायक. मी मधे बोलायचा प्रयत्न केला तर म्हणाली, तुमची पाळी आली की सांगते. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. घरात माणूस आल्यासारखं वाटत होतं.

पण प्रश्न उरलाच. हे हसू कोणाचं?

पाखरू सोडायचं की चहाघर, हे ठरवायच्या आधी मला तो गुन्हेगार हवा होता. दुसऱ्या दिवशी मी इमारत धुंडाळायला निघालो. आमच्या बाल्कनीच्या बाजूला सहाही मजल्यांच्या खिडक्या उघडतात. खाली पेईताई, वय पंचाहत्तर. दार उघडताच मी म्हणालो, "ताई, जरा हसून दाखवा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, कशाला? मी म्हणालो, आवाज ऐकायचाय. त्या म्हणाल्या, उगाच कशी हसू, काही विनोद तरी सांगा. आता मला अख्ख्या आयुष्यात एकच विनोद येतो. बंदरावरचा आहे, नावाड्याच्या बायकोचा, आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही. पण अडला हरी! तो मी पेईताईंना सांगितला. त्या चिमणीसारख्या हसल्या आणि दार लावून घेतलं. तो मी दुसऱ्या मजल्यावर सांगितला. तिथला गवंडी दारावर बुक्क्या मारून हसला. पाचव्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर हसले की नाही तेच कळलं नाही, फक्त चष्मा हलला. सहाव्या मजल्यावर मी पोचायच्या आधीच विनोद पोचला होता. तिथली सून दार उघडून म्हणाली, "आजोबा, नावाडी परत येतो तिथपासून सांगा, आधीचं ऐकलंय." उतरताना पाहतो तर जिन्यात सगळी इमारत उभी आणि हसतेय! पण घुरकणं कोणाचंच नाही. आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी, की पाखरू बाटल्याच्या धक्क्याने याओदादा बिचारे कामातून गेले, दारोदार अचकट गोष्टी सांगत फिरतायत.

इनेशला विचारायचा प्रश्नच नव्हता. महिनाभरात तिचे दातसुद्धा दिसले नव्हते. शिवाय परीक्षेच्या पहाटेपासून ती प्रदर्शनाच्या तयारीसाठी भवनातच मुक्कामाला होती.

तीन दिवसांनी तिचं प्रदर्शन उघडलं. संस्कृती भवनाचं दालन भरून गेलं होतं. आमची इमारत झाडून आली होती, चहाघराचे सगळे आले होते, कारण चहा आणि तिळाच्या वड्या फुकट होत्या. मेंग माझ्याशी बोलत नव्हता, पण माझ्या पाठीमागे उभा राहून माझ्याविषयी बोलत होता. भिंतीवर मोठ्या अक्षरांत चित्रमालेचं नाव होतं, "बाहेर बाजार, आत देऊळ".

इनेश ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली आणि तिने आपले अनुभव सांगायला सुरुवात केली. म्हणाली, की तुमच्या शहराविषयी लोकांचा मोठा गैरसमज आहे. लोक म्हणतात, तियानजिनचा माणूस बडबड्या. हो, रस्त्यावर तो बोलतो. पण का बोलतो? सगळे शब्द बाहेर वाहून टाकायचे आणि घरात पाऊल ठेवलं की मौन पाळायचं, ही तुमची किती थोर परंपरा! घरी नवराबायको फक्त हस्तमुद्रांनी बोलतात. शिंकसुद्धा उशीला अर्पण करतात. मी एका महिन्यात अशी शांतता पाहिली, की माझा जन्म धन्य झाला.

दालनात इतकी शांतता पसरली की तिचं म्हणणं क्षणभर खरं वाटावं. मग मागून एका बाईचा आवाज आला, "ताई, त्या देवळाचा पत्ता द्या, आमच्या ह्यांना तिथे ठेवून येते!"

दालन फुटलं. लोक एकमेकांच्या खांद्यावर पडून हसायला लागले. आणि मग त्यांनी चित्रं पाहिली. पहिल्यात मी बिजागरीला तेल घालतोय, नाव "उंबरठ्याची पूजा". दुसऱ्यात रुईयुन नाक धरून बसलीय. आणि मधोमध, सगळ्यात मोठं चित्र, रुईयुन माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारतेय. त्याखाली लिहिलेलं, "पतीला वंदन".

हे रुईयुनला सोसलं नाही. ती गर्दीतून वाट काढत गेली, बाईच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला आणि म्हणाली, "हे वंदन नाही हो, पोरी. हा माणूस मला अक्कल नसल्यासारखे प्रश्न विचारतो, म्हणून मी कपाळ बडवतेय." मग तिने सगळं सांगितलं. चंडोल, तेरा बोल, तेल, उशी, मालिका, आणि परंपरा वगैरे काही नाही, सगळा या एका म्हाताऱ्याचा हट्ट. दोन वर्षांचं मौन तिने भर सभेत सोडलं, व्याजासकट.

इनेश ऐकत होती. आधी तिचे कान लाल झाले. मग ओठ थरथरले. महिनाभर दाबून ठेवलेलं काहीतरी वर येत होतं. तिने तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. किटलीची बारीक शिटी. मग जिन्यावरून डबे. मग घुरकणं. "अय्यय्यय्या..."

आम्ही चहाघरवाले हातातल्या वड्या घेऊन जागच्या जागी थिजलो. आणि मग मेंग, दोन्ही हात वर करून, हरवलेली म्हैस सापडल्यासारखा ओरडला, "हीच ती!"

बाईला कळेना. मी तिला सांगितलं, माझं पाखरू काय शिकलं आणि मला काय सोडावं लागणार. तिचा चेहरा उतरला. मग तिने सांगितलं. रोज संध्याकाळी मी मेंगशी बुद्धिबळ खेळायला आणि रुईयुन अंगणात पोटभर बोलायला खाली उतरली, की तिच्या बहिणीचा फोन यायचा. बहीण फार हसवते. पण घरातलं मौन मोडायचं कसं? म्हणून ती बाल्कनीत जायची. बाल्कनी म्हणजे घराबाहेरच, असं तिने धरलं होतं. "आणि तिथे तो एकटाच असायचा," ती म्हणाली, "कापडाखाली, अंधारात. कधी गायचा नाही. मला वाटलं, बिचारा मुका आहे. म्हणून मी त्याच्याजवळ बसून हसायचे. तेवढीच त्याला सोबत." 

यावर काय रागवायचं, सांगा! रुईयुनने माझ्याकडे पाहिलं आणि मला वंदन केलं.

मी ठरवलं, चहाघर सोडायचं. ज्याच्याजवळ कोणी सोबत म्हणून बसलं, त्याला मी कसा टाकू? दुसऱ्या दिवसापासून मी पिंजरा घेऊन एकटाच नदीकाठी बसायला लागलो. पाखरू हसायचं, पुलावरून उड्या मारणारे म्हातारे आपल्यालाच हसलं असं समजून मला शिव्या द्यायचे. सकाळ जाता जात नव्हती. दुरून चहाघराची खिडकी दिसायची आणि मी तिकडे पाठ करून बसायचो.

असे दोन आठवडे गेले. आणि एके दिवशी मेंग काठाकाठाने येताना दिसला. त्याच्या हातात पिंजरा होता, त्यावर कापड, कापडावर कांबळं, कांबळ्यावर दोरी. मी म्हणालो, काय रे, पाखराला थंडी भरली का? तो म्हणाला, मास्तरांनी बोलावलंय. सगळ्यांना. पिंजऱ्यांसकट. तुलासुद्धा. पुढे तो एक अक्षर बोलला नाही. मेंग गप्प! मला वाटलं, मास्तर गेले.

इनेशचा तो शहरातला शेवटचा दिवस. तिला मास्तरांची माफी मागायची होती, म्हणून तिलाही घेतलं. चहाघरात जाऊन पाहतो तर मास्तर जिवंत, पण एकटेच. समोर रिकामे हूक. मागाहून एकेक जण येत गेला, प्रत्येकाचा पिंजरा मेंगसारखा बांधलेला. कोणी कोणाकडे बघेना. चहावाल्याने माझ्या कानात सांगितलं, की गेल्या आठवड्यापासून एकेकाचं येणंच बंद झालंय. एकाच्या पाखराला पडसं, एकाच्या पाखराला जुलाब, एकाचं पाखरू म्हणे सासुरवाडीला गेलंय.

मास्तर म्हणाले, "कापडं काढा."

कोणी हलेना. 

"मेंग, तू काढ."

मेंगने दोरी सोडली, कांबळं काढलं, कापड उचललं. त्याच्या चंडोलाने चिमणी नाही, कोंबडी नाही, थेट किटली उकळली. डबे. घुरकणं. मग दुसरा पिंजरा. मग तिसरा. मग सगळेच! चहाघरभर पोर्तुगालची बाई हसत होती, कुठे जाडी, कुठे बारीक, कुठे बोबडी. 

झालं होतं असं. तियानजिनच्या माणसाला इतका चांगला किस्सा मिळाल्यावर तो पोटात कसा ठेवणार? प्रत्येकाने तो घरी जाऊन बायकोला सांगितला, सुनेला सांगितला, आल्यागेल्याला सांगितला. आणि नुसता सांगितला नाही, हसून दाखवला, घुरकण्यासकट. आणि शेजारी खुंटीला पिंजरा. चंडोल चांगलं शिकायला वर्ष घेतो, भलतं शिकायला आठवडा पुरतो. प्रत्येकाने आपल्या हाताने, म्हणजे तोंडाने, आपलं पाखरू बाटवलं होतं!

इनेशने माफी मागायला तोंड उघडलं होतं, पण समोर दहाबारा इनेश हसतायत म्हटल्यावर तिचा इलाज चालला नाही. ती हसली, आणि पाखरांना चेव आला.

गलका ओसरला तेव्हा मेंगने घसा साफ केला. म्हणाला, मास्तर, आता सगळ्या शहरात निर्मळ पाखरू एकच, तुमचं. ते तरी जपा. आम्ही निघतो.

मास्तरांचा पिंजरा त्यांच्या पायाशी होता. खूप वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग वाकले आणि कापड काढलं.

मास्तरांच्या चंडोलाने तेरा बोल बोलून दाखवले, एकेक मोत्यासारखा. घारीची शीळ झाली. तो थांबला. आम्ही श्वास सोडला. आणि मग तो हसला. किटली, डबे, घुरकणं, आणि शेवटी सुस्काऱ्याच्या जागी एक खरखरीत म्हातारा खोकला. तो खोकला आम्ही सगळे ओळखत होतो. ऐंशी वर्षांत न हसलेला माणूस, घरात एकटा, पिंजऱ्यासमोर बसून, बाईसारखं हसून पाहत होता!

कोणी हसलं नाही. हसायची हिंमतच नव्हती. मास्तरांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

"याओ," ते म्हणाले, "मधला हूक रिकामा आहे."

तेव्हापासून माझा पिंजरा तिथे आहे. मान मिळाला, मित्र मिळाले, घरात किटलीला पुन्हा शिट्टी बसली. फक्त एकच झालं. माझा चंडोल आता तेरा बोल बोलतच नाही. कापड काढलं की थेट चौदावा! आणि तोही नेमका मी काही महत्त्वाचं बोलत असताना. रुईयुनला कपाळ बडवायचे कष्टही उरले नाहीत. परवा पेकिंगहून एक नामांकित पाखरूवाला आमची ख्याती ऐकून आला होता. मोठा गंभीर माणूस. सगळे पिंजरे एकसाथ हसायला लागल्यावर त्याचा चहा नाकात गेला. त्याने वही काढली आणि फार आदराने विचारलं, की हा बोल कोणत्या घराण्याचा? किती जुना?

मी मेंगकडे पाहिलं, मेंगने मास्तरांकडे. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग मीच छाती पुढे काढली, घसा साफ केला आणि म्हणालो, "आमच्याकडे असंच..."

पुढचं त्याला ऐकू गेलं नाही. माझं पाखरू हसत होतं.